ताश्कंदमध्ये एकच दिवस आहे: जुने मोहल्ले चालायचे की भूकंपानंतरचं शहर?

उझबेकिस्तानच्या बहुतेक टूर्समध्ये ताश्कंदच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो, कारण सगळ्यांचा जीव समरकंद-बुखारात अडकलेला असतो, आणि तो दिवससुद्धा बसच्या खिडकीतून निघून जातो. हजरती इमाम या मशिदी-मदरशांच्या परिसरात फोटो, चोरसू बाजारात ड्रायफ्रूट, अमीर तैमूरच्या पुतळ्याला एक फेरी, झालं ताश्कंद. मला हे शहर मनापासून आवडतं आणि ते पायी फिरल्याशिवाय कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून ज्यांच्याकडे खरंच एक मोकळा दिवस आहे आणि चालायची तयारी आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

पायी फिरायच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही एका दिवसात नीट होत नाहीत. एक वाट जुन्या शहराची, म्हणजे चोरसू, त्याच्या मागचे मातीच्या भिंतींचे मोहल्ले, हजरती इमाम आणि शेखानतौरच्या कबरी. दुसरी वाट सोव्हिएत काळात उभ्या राहिलेल्या शहराची, म्हणजे मेट्रो स्टेशनं, 1966 च्या भूकंपाचं स्मारक, काँक्रीटच्या जाळ्यांच्या इमारती, मोझॅक, रुंद रस्ते आणि चिनार. मधून अनहोर नावाचा कालवा वाहतो. 1865 मध्ये रशियन सैन्याने ताश्कंद घेतलं आणि मग कालव्याच्या पूर्वेला त्यांनी आपलं सरळ रेषेतलं नवं शहर आखलं, पश्चिमेला जुनं तसंच राहिलं. आज दोन्ही बाजू एकमेकांत मिसळल्या आहेत तरी कालवा ओलांडला की रस्त्याची रुंदी, घरांची दारं, लोकांची चालसुद्धा बदललेली जाणवते.

आधी निर्णयच सांगून टाकतो, कारणं खाली आहेत. तुम्ही ताश्कंदहून पुढे समरकंद-बुखाराला जाणार असाल तर ताश्कंदमधला दिवस सोव्हिएत शहराला द्या. निळे घुमट, मदरसे, अंगणाची घरं हे सगळं पुढे भरपूर मिळणार आहे, तेही जास्त जुनं आणि जास्त देखणं. पण ताश्कंदमध्ये जे भूकंपानंतर बांधलं गेलं ते बाकी कुठे बघायला मिळणार नाही. याउलट कामानिमित्त आलात, मुलगा किंवा मुलगी तिकडे मेडिकलला आहे म्हणून आलात, पुढच्या फ्लाइटआधी एक दिवस आहे, म्हणजे ताश्कंद हेच तुमचं सगळं उझबेकिस्तान असेल, तर डोळे झाकून जुनं शहर घ्या. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

आता जुन्या शहराची वाट. चोरसू मेट्रो स्टेशनला उतरा, वर आलात की समोर कुकलदाश मदरसा दिसतो, 16 व्या शतकातला, आणि त्याच्या पलीकडे चोरसूचा भलामोठा निळा घुमट. घुमट जुना वाटतो पण तो 1980 चा आहे, म्हणजे बाजार शेकडो वर्षांचा आणि छप्पर सोव्हिएत. आत खाली मांस, वरच्या गोल गॅलरीत बदाम, पिस्ते, मनुका, जर्दाळू. टूरवाले इथेच थांबतात, तुम्ही थांबू नका, बाहेरच्या गल्ल्यांमध्ये जा. तिथे रंगवलेले लाकडी पाळणे विकणारे बसतात, बेशिक म्हणतात त्याला, बाळ बांधून झोपवायचा पारंपरिक पाळणा, आजही लग्नानंतर पहिल्या बाळासाठी घेतला जातो. कोरियन सॅलडच्या बायका दिसतील, किसलेल्या गाजराचं तिखट-आंबट सॅलड ढिगाने मांडलेलं. या बायकांचे आजीआजोबा 1937 मध्ये स्टालिनच्या हुकुमाने रशियाच्या अतिपूर्वेकडून उचलून इकडे आणलेले कोरियन. बाजारात दोन मिनिटं उभं राहिलं की एवढा इतिहास समोर असतो आणि लोक बदामाचा भाव करत पुढे निघून जातात.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो रोटीवाल्यांना. बाजाराच्या कडेला तंदूरांची रांग आहे, तिथे उभं राहून बघायला कोणी हरकत घेत नाही. पिठाचा गोळा हाताने पसरतात, कडा जाड ठेवतात, मग चेकिच नावाचा लाकडी दांड्याचा, खाली सुया असलेला ठसा मधोमध दाबतात, त्याने नक्षीही उमटते आणि मधला भाग फुगत नाही. वरून तीळ, पाण्याचा हात, मग गोल उशीवर ती रोटी ठेवून माणूस कमरेपर्यंत तंदुरात वाकतो आणि भिंतीला चिकटवून बाहेर येतो, घामाने निथळत. गरम रोटी हातात घेतली की कागदातून चटका बसतो. एक लक्षात ठेवा, रोटी टेबलावर पालथी ठेवायची नाही, तिथे ते फार वाईट मानतात.

बाजारातून उत्तरेला जरकायनार रस्त्याने हजरती इमामकडे चालत गेलात तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण तसं सरळ जायचंच नाही, मोबाईल खिशात टाकून डावी-उजवीकडच्या गल्ल्यांत शिरायचं. या गल्ल्या म्हणजे या वाटेचा खरा जीव. दोन्ही बाजूंना मातीच्या, गिलावा केलेल्या भिंती, रस्त्याच्या बाजूला खिडकीच नाही, फक्त एक कोरीव लाकडी दार, आणि दार उघडं असलं तर आत एकदम अंगण, द्राक्षाचा मांडव, मांडवाखाली बसायचा मोठा चौथरा, कडेने खोल्या. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला हे घर लगेच कळतं, बाहेरून काहीच दिसू द्यायचं नाही आणि आत चौकाभोवती सगळा संसार. रस्त्याच्या कडेने अरिक नावाचे छोटे पाट वाहतात, तुतीची झाडं आहेत, मे-जूनमध्ये फुटपाथ तुतीने काळा झालेला असतो. सकाळी लवकर गेलात तर घराघरापुढे बायका झाडून पाणी शिंपडत असतात, मातीचा वास येतो, शाळेची पोरं पाठीला दप्तर लावून "हॅलो हॅलो" करत जातात. बोर्ड नाही, तिकीट नाही, माहितीपट्टी नाही. काही गल्ल्या पुढे जाऊन बंद होतात, मग परत फिरायचं, त्यात वाईट काही नाही.

ही घरं 1966 च्या भूकंपात बऱ्यापैकी टिकली त्याला एक कारण त्यांच्या बांधणीत आहे. लाकडाचा सांगाडा आणि त्यात मातीचं भरण, याला सिंच म्हणतात, आणि चांगल्या घरात तो सांगाडा दुहेरी असतो. जमीन हलली की लाकूड थोडं लवतं, माती पडते पण घर बसत नाही. दुसरं म्हणजे भूकंपाचं केंद्र या मोहल्ल्यांखाली नाही, शहराच्या मधल्या भागाखाली होतं. मग जे भूकंपाने नेलं नाही ते नंतरच्या योजनांनी नेलं, आधी सोव्हिएत काळात आणि आता गेल्या काही वर्षांत. ताश्कंद सिटी नावाचा काचेच्या टॉवरांचा भाग आहे ना, तो ओल्माझोर आणि उक्ची या मोहल्ल्यांच्या जागेवर उभा आहे. म्हणून मी जुन्या गल्ल्यांबद्दल जरा घाईने बोलतो, पुढच्या वेळी बघू म्हणायला त्या तिथे असतीलच असं नाही.

हजरती इमाम परिसर सगळ्यांनाच माहीत आहे म्हणून लांबण लावत नाही. तिसरे खलिफा उस्मान यांचं म्हणून मानलं जाणारं प्राचीन कुराण हे इथलं मोठं आकर्षण, कातड्यावर लिहिलेलं, 1869 मध्ये रशियनांनी समरकंदहून सेंट पीटर्सबर्गला नेलं आणि क्रांतीनंतर रशियातल्या उफा शहरामार्गे ताश्कंदला आलं, 1997 मध्ये युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड यादीत गेलं. ते जरूर बघा. पण चौकाचं फरसबंदी काम, नवे मिनार, नव्या भव्य इमारती यामुळे तिथे थोडं कोरं कोरं वाटतं, सावली नाही, उन्हात डोळे दिपतात. कफ्फाल शाशी या इस्लामी विद्वानाची कबर त्याच परिसरात एका बाजूला आहे, 16 व्या शतकातली, तिकडे गर्दी कमी, तिथे बसा थोडा वेळ.

मला या वाटेवरची सगळ्यात मोलाची जागा वाटते ती शेखानतौर, आणि तिथे भारतीय पर्यटक जवळपास जातच नाहीत. हजरती इमामपासून दोनेक किलोमीटर, नवोई रस्त्यालगत, इस्लामिक अकादमीच्या आवारात. आवार शिक्षणसंस्थेचं आहे त्यामुळे गेटवर विचारूनच आत जायचं. तिथे तीन जुन्या कबरी उरल्या आहेत. एक शेख खोवेंदी तहूरची, त्यात एक दगड झालेलं झाड आहे आणि त्याला सिकंदराशी जोडणारी आख्यायिका आहे. दुसरी कल्दिरगोचबीची, तिचा घुमट गोल नाहीच, बारा बाजूंचा टोकदार आहे, असं उझबेकिस्तानात सहसा बघायला मिळत नाही. आणि तिसरी युनूस खानची. युनूस खान कोण, तर बाबराच्या आईचे वडील. कुतलुग निगार खानम ही त्यांची मुलगी, तिचा मुलगा 1483 मध्ये अंदिजानला जन्मलेला बाबर, पुढचं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पानिपत, दिल्ली, आग्रा, औरंगजेबाची दख्खनची मोहीम, हा सगळा धागा मागे मागे नेत गेलात तर त्याचं एक टोक या शांत आवारात आहे, बाजूने कॉलेजची पोरं फाइल घेऊन जात असतात. इतिहासात रस असणाऱ्याला एवढ्या एका जागेसाठीसुद्धा जुनी वाट घ्यायला हरकत नाही.

आता दुसरी वाट, आणि ही समजून घ्यायला आधी एक तारीख पक्की डोक्यात हवी. 26 एप्रिल 1966, पहाटे 5 वाजून 23 मिनिटं. भूकंपाची तीव्रता पाचाच्या जरा वर होती, आकडा ऐकून फार वाटत नाही, पण केंद्र शहराच्या पोटात आणि अगदी कमी खोलीवर, त्यामुळे धक्का खालून वर सरळ बसला. मृत्यू अधिकृत आकड्यांत फार कमी होते पण तीन लाखांच्या आसपास लोक बेघर झाले. मग सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांतून कामगार, क्रेन, इंजिनिअर आले आणि काही वर्षांत एक नवीन शहर उभं केलं. मातीच्या घरांतली कुटुंबं पॅनेलच्या इमारतींत राहायला गेली, काहींच्या मनाविरुद्धही. आज आपण जे ताश्कंद बघतो ते बहुतांशी या एका पहाटेनंतरचं आहे.

आणि आपल्याला ताश्कंद हे नाव ज्या घटनेमुळे माहीत आहे ती याच वर्षातली, फक्त साडेतीन महिने आधीची. 10 जानेवारी 1966 ला ताश्कंद करारावर सह्या झाल्या आणि 11 च्या पहाटे लालबहादूर शास्त्री गेले. त्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते. म्हणजे यशवंतरावांनी जे ताश्कंद पाहिलं ते भूकंपापूर्वीचं शहर, त्यातलं किती शिल्लक आहे हे शोधत चालणं मला तरी फार ओढ लावतं. शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आणि पुतळा आहे, पण तो या दोन्ही वाटांपासून बाजूला पडतो, टॅक्सीने वेगळं जाऊन या, जायलाच हवं.

वाटेची सुरुवात कोस्मोनावत्लार मेट्रो स्टेशनवरून करा, आणि घाईत बाहेर पडू नका कारण इथली स्टेशनं हीच पाहायची गोष्ट आहे. ताश्कंद मेट्रो 1977 ला सुरू झाली, मध्य आशियातली पहिली, भूकंपानंतर बांधायची म्हणून मजबुती आधी ठरवलेली. 2018 पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती, आता आरामात काढता येतात. कोस्मोनावत्लार 1984 चं, म्हणजे ज्या वर्षी एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात गेले तेच वर्ष. भिंतीवर सिरॅमिकच्या फरश्या, निळ्यापासून हळूहळू काळ्याकडे जाणाऱ्या, जसं काही तुम्ही वर वर चाललाय आणि आकाश संपत आलंय, आणि त्यावर गोल चौकटींत गागारीन, तेरेश्कोवा, आणि त्यांच्याच रांगेत 15 व्या शतकातला समरकंदचा खगोलवेत्ता राजा उलुग बेग. अंतराळयात्रींच्या शेजारी उलुग बेगला बसवणं ही कल्पना ज्याची असेल त्याला दाद द्यावी लागते. एक गाडी सोडून द्या, प्लॅटफॉर्म रिकामा होतो, मग नीट बघा. तिथून एकाच तिकिटात अलिशेर नवोई स्टेशनला जाऊन या, मशिदीसारखे घुमट छताला, आणि पाख्ताकोरला कापसाच्या बोंडांचं मोझॅक. कापूस या देशाचं उत्पन्नही आणि दुखणंही, अराल समुद्र याच कापसाच्या पाण्यापायी आटला, ते मोझॅक बघताना हे डोक्यात असू द्या.

कोस्मोनावत्लारजवळच, दहा-पंधरा मिनिटांवर, हस्तकलेचं म्युझियम आहे, पोलोव्त्सेव नावाच्या रशियन मुत्सद्द्याचं घर होतं ते. छत, खांब, गंच म्हणजे प्लास्टरवरचं कोरीव काम, सुझनीची भरतकामं. दुपारचं ऊन टाळायला उत्तम जागा. तिथून परत अनहोरच्या काठाने चाला, झाडी दाट आहे, बाकं आहेत, पोरं पाण्यात उड्या मारत असतात. मग मुस्तकिल्लिक मैदान, म्हणजे पूर्वीचा लेनिन चौक, जिथे लेनिनचा अवाढव्य पुतळा होता तिथे 1992 मध्ये पृथ्वीचा गोल आला. पलीकडे निकोलाय रोमानोव या रशियन राजपुत्राचं 1891 चं घर, आईच्या दागिन्यांच्या चोरीच्या आरोपावरून राजघराण्याने ज्याला इकडे हद्दपार केलं तो, आणि इकडे येऊन त्याने स्टेपमध्ये, म्हणजे कोरड्या माळरानात, पाण्याचे कालवे खोदले. घर बाहेरूनच बघता येतं.

नवोई थिएटर चुकवू नका. 1947 ची इमारत, आर्किटेक्ट श्चुसेव, ज्यांनी मॉस्कोतली लेनिनची समाधी केली तेच. बांधकामात जपानी युद्धकैदी होते, तशी पाटी भिंतीवर आहे, आणि 1966 च्या भूकंपात ही इमारत उभी राहिली. आत सहा दालनं, प्रत्येक दालन एकेका प्रदेशाच्या शैलीत, ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा, फर्गाना, तेर्मेझ. आत जायचा सोपा मार्ग म्हणजे संध्याकाळच्या ऑपेराचं किंवा बॅलेचं तिकीट काढायचं, आपल्याकडच्या मानाने स्वस्त असतं.

इतिहास म्युझियम ही 1970 ची लेनिन म्युझियमची इमारत, आणि हॉटेल उझबेकिस्तान 1974 चं, उघडलेल्या पुस्तकासारखं वळलेलं, सगळ्या दर्शनी भागावर काँक्रीटची जाळी. ही जाळी, पंजारा, नुसती शोभा नाही, उन्हाळ्यात चाळीस डिग्रीत काचेवर सावली पाडायला आहे, आणि जुन्या मदरशांच्या खिडक्यांतली नक्षीची जाळीच मोठी करून घेतलेली आहे. सोव्हिएत म्हटलं की करड्या पेट्या डोळ्यांसमोर येतात, पण इथल्या आर्किटेक्ट लोकांनी तेच काँक्रीट वापरून स्थानिक हवा आणि स्थानिक नक्षी यांचा विचार केला, हे हॉटेलच्या समोर उभं राहून नीट दिसतं. त्यातलं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे झेमचुग नावाची 16 मजली राहती इमारत, ओफेलिया आयदिनोवा या आर्किटेक्ट बाईंची, 1985 ची. त्यांनी दर तीन मजल्यांना एक मोकळं अंगण दिलं, म्हणजे मोहल्ला उभा करून एकावर एक रचला, शेजारपाजार तुटू नये म्हणून. लोक राहतात तिथे, त्यामुळे वर जायचं तर कोणाला तरी विचारून, आवाज न करता.

शेवटी धैर्य स्मारक, म्हणजेच भूकंपाचं स्मारक, शहराच्या मध्यापासून उत्तरेला पंचवीस-तीस मिनिटं चाल. काळ्या दगडाचा घन, मधून चिरलेला, एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला घड्याळात ती पहाटेची वेळ. ती चीर जमिनीवरून नागमोडी जाते आणि ब्राँझच्या पुतळ्यांच्या पायापाशी थांबते, एक पुरुष हात पुढे करून बाई आणि मूल यांना आडोसा देतोय. 1976 मध्ये, भूकंपाला दहा वर्षं झाल्यावर उभारलं. शनिवार-रविवारी नवविवाहित जोडपी इथे फुलं ठेवायला येतात. ताश्कंदमध्ये एकच जागा बघायची असेल तर मी ही सांगेन.

वेळ उरला तर मेट्रोने चिलानझारला जा, तिथल्या पॅनेलच्या राहत्या इमारतींच्या बाजूच्या भिंतींवर झार्स्की बंधूंची मोझॅक आहेत, सूर्य, पक्षी, डाळिंबं, कापूस, पाच-पाच मजले उंच. खाली म्हातारे बॅकगॅमन खेळत असतात. काही भिंती इन्सुलेशनच्या कामात झाकल्या गेल्या आहेत, ज्या उरल्या आहेत त्या बघून घ्या.

खाण्याच्या बाबतीत जुनी वाट सरळ पुढे आहे. चोरसूभोवती तंदुरातले समसे, शिगेवरचे कबाब, लगमान म्हणजे नूडल्स, आणि प्लोव म्हणजे तिकडचा पुलाव दुपारच्या जेवणाला, कारण कढई सकाळी चढते आणि दुपारनंतर तळाला लागलेली असते. बीफ न खाणाऱ्यांनी मात्र विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नये, मोल गोश्ती म्हणजे बीफ आणि कुय गोश्ती म्हणजे मेंढीचं, आणि प्लोववर जे गोल काप ठेवतात ते बहुतेक वेळा घोड्याच्या मांसाचं सॉसेज असतं. शाकाहारी लोकांनी भोपळ्याचा समसा मागायचा, वसंतात पालेभाजीचा पण मिळतो, फक्त आत चरबी आहे का ते विचारा. बाकी रोटी, दही, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, फळं आणि हिरवा चहा यावर दिवस छान जातो. सोव्हिएत वाटेवर कॅफे जास्त, मेनूत फोटो असतात, शाकाहारी माणसाचं पोट भरणं सोपं, पण चव लक्षात राहील असं काही नाही.

पायांचा हिशोब केला तर दोन्ही वाटा सहा-सात किलोमीटरच्या आसपास होतात, पण फरक मोठा आहे. सोव्हिएत वाट सपाट, फुटपाथ रुंद, बाकं सगळीकडे, आणि दमलात की मेट्रो जवळ. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईवडिलांना घेऊन फिरायला तीच बरी, फक्त रस्ते इतके रुंद आहेत की बऱ्याच ठिकाणी भुयारी मार्गाने ओलांडावं लागतं आणि तिथे पायऱ्या आहेत. जुन्या वाटेवर दगड-खड्डे, उघडे पाट, टॉयलेट बाजारात सोडलं तर नाहीच. जून अखेरपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चिल्ला म्हणून कडक उन्हाळ्याचे चाळीस दिवस असतात, तेव्हा जुनी वाट फक्त सकाळी सहा-सात ते दहा, नंतर नाही. सोव्हिएत वाटेला चिनारांची सावली आहे, जरी अमीर तैमूर चौकातले मोठे जुने चिनार 2009 मध्ये तोडले आणि तो चौक तेव्हापासून उघडा पडला, शहरातली माणसं अजून त्याबद्दल हळहळतात. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कुठलीही वाट घ्या. कडाक्याच्या थंडीत मेट्रो आणि म्युझियम असलेली वाट सोयीची.

माणसं भेटायची असतील तर जुनं शहर. मोहल्ल्यात म्हातारे दारापुढे बाकावर बसलेले असतात, छातीवर हात ठेवून "अस्सलामु अलैकुम" म्हटलं की चेहरा खुलतो, हिंदुस्तान म्हटलं की राज कपूर किंवा मिथुनचं नाव निघतंच, आणि कधी कधी चहाला आत बोलावतात. पहिल्या वेळी नम्रपणे नाही म्हणायचं, खरंच आग्रह केला तर चप्पल काढून आत जायचं. उघड्या दारातून परवानगीशिवाय फोटो काढू नका, ते कोणाचं तरी घर आहे. "मुमकिनमी?", म्हणजे "चालेल का?", एवढा एक शब्द पाठ असला तरी काम होतं. सोव्हिएत वाटेवर लोक आपापल्या घाईत असतात, तिथे इमारतींशीच बोलायचं.

एकट्याने फिरणाऱ्या मुलींना दिवसा दोन्हीकडे अडचण येऊ नये, पण मोहल्ल्याच्या गल्ल्यांत खांदे आणि गुडघे झाकलेले असले तर जास्त मोकळं वाटतं, आणि मशिदीच्या आवारात रुमाल लागतोच. लहान मुलं बरोबर असतील तर मेट्रोची वाट, त्यांना गागारीन सापडवायला सांगा, वेळ मजेत जातो. बांधकाम, आर्किटेक्चर, डिझाइन यातलं कोणी असेल तर विचारायलाच नको, सोव्हिएत वाट. फोटोग्राफर मंडळींना मी जुनी वाट सांगेन पण अगदी पहाटेची, उजेड भिंतींवर तिरका पडतो तेव्हाची.

आणि ज्यांच्याकडे खरंच अर्धाच दिवस आहे त्यांनी दोन्हींचं थोडं थोडं करायला जाऊ नये असं म्हणतील लोक, मला तसं वाटत नाही. सकाळी सातला चोरसू, गरम रोटी, तासभर मागच्या गल्ल्या, मग चोरसू स्टेशनवरूनच मेट्रो पकडा, याच लाइनवर अलिशेर नवोई आणि कोस्मोनावत्लार येतात, दोन्हीकडे उतरून बघा, आणि वर येऊन अनहोरच्या काठाने मुस्तकिल्लिक मैदानापर्यंत चालत या. हजरती इमाम सोडून द्या, अमीर तैमूर चौकही सोडून द्या. धैर्य स्मारकाला मात्र एअरपोर्टला जायच्या टॅक्सीतूनही का होईना, दहा मिनिटं उतरा.